ब्रिजितमावशीचा हात

पडद्यावर ब्रिजितमावशीचा हात डोक्याकडे गेला आणि अख्खं थिएटर हसलं.

जन्मभर लुगडं नेसलेली, दारूचा थेंबही न चाखलेली माझी मावशी. गावच्या चर्चबाहेर शूटिंग झालं तेव्हा तिला फ्रॉक घालून, हातात ग्लास देऊन उभं केलं. सिनेमातली ख्रिस्ती म्हातारी अशीच लागते म्हणे. परीक्षणवाल्यांनीही 'धमाल म्हातारी' लिहून हात झटकले. मी संतापून पत्रक काढलं, 'आमच्या आज्या झिंगत नाहीत'. खेळ सुटल्यावर दारात वाटायचा तो गठ्ठा माझ्या मांडीवर होता, आणि शेजारी मावशी. तिला सिनेमाला आणणारं दुसरं कोण होतं?

सिनेमातले फादर समोर आले तसा तिचा हात सवयीनं पदर शोधत वर गेला. फ्रॉकला पदर कुठला? हात केसांवरून घसरून खाली आला. लोकांना वाटलं, म्हातारीला चढली. चर्चमध्ये डोक्यावर पदर घेणाऱ्या आमच्या बायकांची रविवारची सगळी सकाळ त्या हातात होती. हे कुणाकुणाला समजावून सांगायचं? माझ्या पत्रकात तरी ते कुठं होतं?

"बघितलंस, मला बघून किती हसले," मावशी खुशीत कुजबुजली. मग तिनं गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं. "सिनेमाचंच ना रे हे? माझा फोटो आलाय?"

"नाही, मावशी."

"मग पुढच्या वेळी घाल," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

खेळ सुटला, दिवे लागले. मी गठ्ठा पिशवीत कोंबला.