शिट्टीनंतरची गोळी

पेंटबॉलच्या मैदानावर येणारी पोरं त्याला झाकणमामा म्हणायची, आणि हे नाव त्याने स्वतःच्या तोंडानेच कमावलं होतं. सकाळी फाटक उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत त्याचं एकच पालुपद चालू असायचं, "झाकण लाव! आधी झाकण लाव, मग बोल!" झाकण म्हणजे बंदुकीच्या नळीवर चढवायची लाल कापडी पिशवी. खेळ चालू नसेल तेव्हा ती नळीवर असलीच पाहिजे, म्हणजे चुकून चाप ओढला गेला तरी रंगाची गोळी पिशवीतच फुटते. या पिशव्या मामाची बायको घरी शिलाई मशीनवर शिवायची. "आमच्या ह्यांना जगातलं काहीच उघडं बघवत नाही," ती शेजारणींना सांगायची. "पातेल्यावर ताटली नसली तरी घर डोक्यावर घेतात."

माणूस चिडका होता, यात वाद नाही. पण त्या चिडकेपणाला मूळ होतं. तरुणपणी तो पत्रे कापायच्या कारखान्यात प्रेसवर कामाला होता. प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते. ती खाली आल्याशिवाय यंत्राचा घाव पडू नये, अशी योजना. पण जाळीपायी काम रेंगाळतं, म्हणून तिथला फोरमन ती तारेने वर बांधून ठेवायला लावायचा. एका दुपारी मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या घावाखाली गेली. चौकशी झाली तेव्हा फोरमन शांतपणे म्हणाला, "जाळी मी स्वतः तपासली होती. यानेच काढली असणार." फोरमन म्हणजे सुतासारखा सरळ माणूस अशी त्याची ख्याती. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोटं गेल्याचं दुःख मामाने पुढे गिळलं, पण आपण खोटारडे ठरलो, ही ठसठस काही गेली नाही.

पुढे तो कारखाना बंद पडला आणि ओळखीच्या एकाने कौलांच्या जुन्या भट्टीची जागा घेऊन तिथे पेंटबॉलचं मैदान काढलं. रिकामी पिंपं, टायरांच्या उतरंडी, फळ्यांच्या भिंती आणि सगळ्याभोवती उंच जाळी. मामा तिथे पंच म्हणून लागला. मोठी माणसं एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात, हे ऐकून पहिल्या दिवशी त्याला हसू आवरलं नव्हतं. मग त्याने एक गोळी स्वतःच्या मांडीवर मारून घेतली. वळ उठला, काळानिळा पडला, आणि मामाचं हसू तिथल्या तिथे विरलं.

तेव्हापासून तो डोळ्यात तेल घालून मैदान राखू लागला. सकाळी प्रत्येक बंदुकीच्या गोळीचा वेग तपासायचा, जास्त भरला तर कमी करायचा. मास्कच्या काचा साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. पोरांची नवी टोळी आली की तो दोरीला एक पिकलेला टोमॅटो टांगायचा, लांबून त्यावर गोळी मारायचा आणि खाली पडलेला लगदा बुटाने दाखवत म्हणायचा, "हा तुमचा डोळा. मास्क जाळीच्या बाहेर आल्याशिवाय काढायचा नाही. आत घाम येऊ दे, काच धुरकटू दे, नाक खाजू दे. खाजलं तर मरू दे, पण मास्क काढायचा नाही." पोरं खिदळायची, पण मास्कला हात लावायची नाहीत.

आता एवढ्या कडक माणसाची एक सवय होती, आणि ती त्याला सवय वाटतच नव्हती. मास्कच्या आतून आवाज फुटत नाही. शेवटची शिट्टी वाजली की मामा मैदानाच्या मधोमध पिंपावर चढायचा, स्वतःचा मास्क कपाळावर सरकवायचा आणि कोण जिंकलं ते घसा ताणून सांगायचा. त्याच्या मुलीने, बारकीने, एकदा त्याला टोकलंही होतं.

"बाबा, तुम्ही आतच मास्क काढता."

"काढत नाही, वर करतो."

"त्यात काय फरक?"

"अगं, शिट्टी कोण वाजवतं? मीच ना? खेळ संपला हे मला कळत नाही होय!"

बारकी हसली आणि विषय संपला. ती सोळा वर्षांची होती. शाळेला सुट्टी असली की मैदानावर यायची, बापाच्या हाताखाली मास्क धुवायची, आणि एखाद्या संघात कुणी कमी पडलं तर उतरायची. नेम असा की भलेभले तिच्यासमोर पिंपामागून डोकं काढायला धजायचे नाहीत. मामाला तिचं कोण कौतुक! तोंडावर मात्र कधी म्हणायचा नाही.

त्या दिवशी एका शाळेची मुलं आली होती. लाल संघात एक भिडू कमी होता, म्हणून बारकी त्यांच्याकडून उतरली. समोरच्या निळ्या संघात एक लांबोडका मुलगा होता. त्याचे मित्र त्याला लंबू म्हणत. शेवटच्या डावात त्या दोघांची चांगलीच जुंपली. लंबू टायरांमागे, बारकी फळीमागे. टायरांच्या दोन उतरंडींमध्ये एक फट होती आणि बारकीने बंदूक त्या फटीवर रोखून धरली होती. कधी ना कधी तो तिथून डोकं काढणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शिट्टी वाजली. मामा पिंपावर चढला, मास्क कपाळावर सरकवला आणि ओरडला, "निळ्यांनी मारली बाजी!"

लंबूच्या मास्कची काच आतून पार धुरकटली होती. काचेच्या कडेला उरलेल्या स्वच्छ पट्टीतून त्याने टायरांआडून मामाकडे पाहिलं. मामाचा चेहरा उघडा होता, घामेजलेला आणि खुशीत. मग पोरानेही आपला मास्क वर केला आणि उठून उभा राहिला. बारकीचं बोट अजून चापावरच होतं. त्या फटीत डोकं दिसलं आणि डोक्यात काही शिरायच्या आत बोट दाबलं गेलं. बाटलीचं बूच उडावं एवढाच आवाज झाला.

आधी कुणाला काही कळलंच नाही. पोराचं तोंड केशरी झालेलं बघून मुलं हसली. मग तो खाली बसला, त्याने दोन्ही हात डाव्या डोळ्यावर घेतले, आणि बोटांच्या फटींतून केशरी रंगाबरोबर रक्तही यायला लागलं. मामा पिंपावरून उतरला की पडला, हे त्याला नंतरही आठवलं नाही.

डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

मालकाच्या खोलीत सगळे बसले तेव्हा लंबूची आईही आली होती. ती एका दुकानात विक्रीचं काम करायची आणि मुलाला एकटीने वाढवत होती. कामाचे कपडे तसेच अंगावर, डोळे सुजलेले. शाळेचे खेळाचे सर तिच्या शेजारी होते. सर जरा चाचरत म्हणाले, "मुलगा एक सांगतोय. म्हणतो, काकांनी मास्क वर केला, म्हणून मीही केला."

मालकाने हातच झटकला. "झाकणमामांनी? अहो सर, हा माणूस माझ्या अंगावर ओरडतो मास्कवरून! विचारा पाहिजे तर. काय हो मामा?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"नाही," मामा म्हणाला.

शब्द कसा बाहेर पडला, त्यालाही उमगलं नाही. सारवासारव करायचं काही आधी ठरवलेलं नव्हतं. तो घाबरला होता, इतकंच. नोकरी जाईल म्हणून घाबरला, पोलिसांना घाबरला, आणि सगळ्यात जास्त त्या बाईच्या सुजलेल्या डोळ्यांना.

"तेच म्हटलं," सर सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले. "पोरं भेदरली की काहीही सांगतात." लंबूची आई मान खाली घालून बसली. आपल्या पोराची चूक आणि वर त्याचं खोटं, दोन्ही तिने त्या खोलीत मुकाट पदरात घेतलं.

बारकी दारात उभी होती. तिने बापाकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाली, "गोळी मी मारली. शिट्टी वाजली होती आणि माझं बोट चापावरच होतं. शिट्टीबरोबर बोट काढायला हवं होतं, नळी खाली करायला हवी होती. ते मी केलं नाही." त्यापलीकडे ती एक अक्षर बोलली नाही.

मैदान काही दिवस बंद राहिलं आणि पुन्हा सुरू झालं. बारकी तिथे फिरकली नाही. घरी ती बापाशी कामापुरतं बोलायची. "जेवायला चला." "दार लावून घ्या." शाळेतून आली की पिशवी टाकून कुठेतरी निघून जायची आणि दिवेलागणीला परतायची. बायको म्हणाली, "पोरीने मनाला लावून घेतलंय. तुम्ही तरी दोन शब्द बोला तिच्याशी." मामा चपला घालून बाहेर पडला. तिने फळीमागून सगळं पाहिलं होतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तिने भांडावं, तोंडावर बोलावं, निदान दार आपटावं असं त्याला वाटायचं. ती काहीच करायची नाही.

मग एके दिवशी सकाळी दुसऱ्या एका शाळेची टोळी आली. मामाने दोरीला टोमॅटो टांगला. त्याने तोंड उघडायच्या आतच त्या शाळेच्या बाई पुढे झाल्या आणि मुलांना म्हणाल्या, "ऐका, इथे एका मुलाने मास्क काढला आणि डोळा गमावला. आणि वर काय सांगितलं, तर म्हणे या मामांनीच आधी काढला! म्हणजे नियम मोडला तो मोडला, आणि दोष कुणावर? तर जे जीव तोडून सांगतात त्यांच्यावर! आपण असं वागायचं का?"

"नाही!" सगळी मुलं एका सुरात ओरडली. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी मामाकडे इतक्या आदराने बघत होती की त्याला मान फिरवावी लागली.

त्याला फोरमन आठवला. त्या माणसाचा शांत आवाज आठवला, आणि त्या आवाजापुढे आपण कसे बावळटासारखे उभे होतो, तेही. इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्याच जागी आपण येऊन बसलो आहोत, आणि एका शाळकरी पोराला खोटारडा ठरवून गावभर त्याचा दाखला देऊ देतो आहोत. मामाला स्वतःची किळस आली.

"आज खेळ होणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? मुलं इतक्या लांबून आलीत हो," बाई म्हणाल्या.

"त्या मुलाने खरं सांगितलं होतं. मास्क आधी मीच वर केला होता." मालक खोलीतून "अहो मामा, मामा" करत बाहेर येईपर्यंत मामाने फाटक ओलांडलं होतं.

लंबूचं घर शोधायला त्याला वेळ लागला. दोनदा तो त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरला. दुपार उलटल्यावर एकदाची त्याने दारावर थाप मारली. आईनेच दार उघडलं. आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"तुमची मुलगी आत आहे," ती म्हणाली. "रोज येते. त्याचं डोकं दुखतं फार वेळ वाचलं की, म्हणून धडे वाचून दाखवते."

मामाला हे ठाऊक नव्हतं. तो चौकटीला धरून उभा राहिला.

"पहिल्या दिवशी आली आणि म्हणाली, गोळी माझी. मी तिला विचारलं, तुझ्या बाबांनी मास्क वर केला होता का गं? तर म्हणाली, ते त्यांनाच विचारा. आता तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही सगळ्यांसमोर नाही म्हणाला होता."

"केला होता," मामा म्हणाला. "मी आधी केला. माझं बघून त्याने केला. मी खोटं बोललो."

ती अंगावर धावून आली असती, तर ते त्याला सोसलं असतं. ती दाराला टेकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी मारलं त्याला. त्या दिवशी तुमच्या ऑफिसातून दवाखान्यात गेले आणि मारलं. डोळ्यावर पट्टी होती हो त्याच्या. तो म्हणत होता, आई, खरंच काकांनी काढला होता. मी म्हटलं, एक तर डोळा घालवलास, वर खोटं बोलतोस? आणि मारलं."

मामाने हात जोडले, तर ती म्हणाली, "माझ्यापुढे नको. आत या आणि त्याला सांगा."

आतल्या खोलीत लंबू पलंगावर पाय पसरून बसला होता. बारकी समोरच्या स्टुलावर बसून मोठ्याने धडा वाचत होती. बापाला बघून ती थांबली. पुस्तक तिने मिटलं नाही. मामा पलंगासमोर जाऊन उभा राहिला. पोराने त्याला नीट बघायला अख्खी मान वळवली, कारण डाव्या बाजूचं आता त्याला दिसत नव्हतं.

"बाळा, तू खरं बोलला होतास," मामा म्हणाला. "मास्क आधी मी वर केला. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तू खोटा नाहीस, खोटा मी आहे. शाळेत येऊन सगळ्यांपुढे सांगेन. पोलिसांनाही सांगेन."

पोर रागावलं नाही, रडलंही नाही. मग दाराकडे तोंड करून म्हणालं, "आई, मी सांगितलं होतं ना तुला?"

आई येऊन त्याच्या डाव्या अंगाला पलंगावर बसली. "हो रे राजा, सांगितलं होतंस," असं म्हणत तिने त्याच्या गालावरून फिरवायला हात पुढे केला. त्या बाजूने हात येताना त्याला दिसला नाही. गालाला बोटं लागली तसा तो दचकला आणि त्याने दोन्ही हात तोंडावर धरले.