आत्याचं गळकं तळं

बेंबळीच्या एसटीचा कंडक्टर गाडी शाळेपुढं उभी करून थेट माझ्या वर्गात आला. टोपी काढली. "गुरुजी, सोनाआत्या गेल्या सकाळी." मी हातातला खडू टेबलावर ठेवला. तो जायला वळला आणि काहीतरी आठवून परत आला. "आन् शेवटचा निरोप हाय त्यांचा. फळीवरच्या बरणीला कुणी हात लावायचा न्हाय. वर्ष भरल्याबिगर." रडू आणि हसू एकाच दारातून यायला लागलं की माणसाची फार पंचाईत होते. माझी झाली, सातवीच्या पोरांसमोर.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात तीन तोंडं होती : आई, मी आणि नवऱ्यामागं माहेरी परतलेली आत्या. वडील आधीच गेले होते. रान होतं दोन एकर, पण इतकं खडकाळ, की आम्हा बौद्धवाड्यातल्या माणसांना ते मिळालं तेव्हा गावात कुणालाच वाईट वाटलं नव्हतं. विहिरीत पाणी सोडून सगळं होतं. कबुतरं, पालापाचोळा, एकदा तर शेजाऱ्याचं शेरडू. आई आणि आत्या तळ्याच्या दुष्काळी कामावर माती वाहायच्या, संध्याकाळी वाट्याला आलेली सुकडी घेऊन यायच्या. माझा वाटा मी उभ्याउभ्या फस्त करायचो. आत्या आपला पदराला बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून, एकेक चिमूट खायची. मला वाटायचं, ही मुद्दाम करते. करतच होती.

त्या कामावरचा ओव्हरसियर म्हणायचा, हा पाझर तलाव आहे. गावानं त्यातलं 'तलाव' तेवढं ऐकलं. 'पाझर' ऐकलं ते एकट्या आत्यानं. प्यायला पाणी देता देता तिनं विचारलं, "सायब, पाझर म्हंजी?" तो म्हणाला, "बाई, हे पाणी साठवायचं नाही, जमिनीत मुरवायचं." आत्याला लगेच पटलं. लिंबाच्या लोणच्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. मुरायला वेळ लागतो, हे तिला साहेबानं सांगायची गरज नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं आणि गावाला चेव आला. त्या काळात दोन माणसं भेटली की चहा व्हायचा आणि अकरा भेटली की सोसायटी. आमच्या गावानं मच्छीमार सहकारी सोसायटी काढली. सभासदांपैकी एकानंही जिवंत मासा जवळून पाहिलेला नव्हता. गावातले एक बडे शेतकरी चेअरमन झाले, ते जन्मभर चेअरमनच राहिले. बोर्ड रंगवला, माशांची पिल्लं सोडली, आणि माघात बघतात तर तळाला नुसता चिखल. त्यात मासे तडफडतायत. गावानं कालवण केलं. दोन दिवस सगळं गाव तृप्त होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आपण सोसायटीच खाल्ली.

"आत्या, कुठं गेलं गं तुझं गळकं तळं?" लोक विचारायचे.

"मुरायला गेलंय," आत्या म्हणायची.

उन्हाळ्यात चेअरमननी ठरवलं, तळाला काळी चिकणमाती ठोकून पाणी अडवायचं. तसं झालं असतं तर खालच्या अंगाच्या आमच्या विहिरीत कबुतरंच नांदली असती. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. विहिरीला पाणी लागलं, रान पिकलं, तरच मला उस्मानाबादच्या कॉलेजात पाठवता येणार होतं. मातीच्या गाड्या आल्या तेव्हा आत्या कोरड्या तळ्याच्या मधोमध बसली होती. डोक्यावर छत्री, मांडीवर लोणच्याची बरणी.

"सोनाबाई, ऊठ."

"एक पावसाळा द्या, चेअरमनसाहेब. पयल्या वर्षी तान्हेल्या जमिनीनंच पिलं. आता ती आमाला दील."

"दील? जमीन काय तुझी मावशी लागती व्हय?" मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "बरं, ह्या पोराला सोसायटीत वॉचमन लावतो. उद्यापासनं. खाकी कपडे, काठी, शिट्टी."

खरं सांगतो, शिट्टी म्हणताच मी फितूर झालो. "आत्या, ऊठ की!"

"गप. शिट्टी फुकून झाल्यावर काय करशील? मुरू दे जरा."

तेवढ्यात आई आली, मागोमाग तळ्यावर माती वाहिलेल्या साऱ्या बाया आल्या आणि आत्याभोवती बसल्या. चेअरमन गाडीवानावर ओरडले, तर तो खाली मान घालून म्हणाला, "मालक, म्होरं आमचं घरच बसलंय की." गाड्या फिरल्या. मी तीन दिवस आत्याशी बोललो नाही.

रोज सकाळी ती विहिरीत खडा टाकायची. ठक. पावसाळा आला, तळं भरलं, पुन्हा ओसरायला लागलं... ठक. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तिनं मला हाक मारली. "तू टाक." मी टाकला. डुबुक! तिनं परत टाकायला लावला. मग आईला बोलावलं. त्या दिवशी आम्ही तिघांनी इतके खडे टाकले, की विहिरीचं पाणी खड्यांनीच वर आलं, असं चेअरमन पुढं कित्येक वर्षं सांगत.

मी कॉलेजात गेलो. तीनदा कंटाळून परत आलो, तिन्ही वेळा आत्यानं भाकरी बांधून त्याच एसटीत बसवलं.

चेअरमन आमच्या घरचं पाणी पीत नसत. एका साली तापातून उठले, तोंडाची चव गेली, आणि दारात येऊन उभे राहिले. "सोनाबाई, लोणच्याची एक फोड मिळंल का?"

"अजून दोन म्हैने हायेत. मुरू द्या."

बरोबर दोन महिन्यांनी ते आले. आमच्या ओट्यावर बसून भाकरीशी लोणचं खाल्लं, आमच्या रांजणातलं पाणी तांब्याभर प्याले. ते गेल्यावर आत्या म्हणाली, "मुरलं बघ." मला वाटलं, लोणच्याचं बोलतेय.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चेअरमन काठी टेकत आले. फळीकडं बघत म्हणाले, "कधी भरतंय वर्ष?" मी म्हणालो, "चैत्रात." "येतो," म्हणाले.

बरणी आता माझ्या घरी आहे. तोंडाला तिनंच बांधलेलं पांढरं फडकं. मी दिवसातून चारदा तिच्यासमोरून जातो, एकदा तर गाठीला हातही लावला होता...

आमची विहीर त्या संक्रांतीनंतर एकदाही आटली नाही. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला बी.ए. मी आहे. आणि बरणी अजून उघडलेली नाही.