कुत्र्याच्या बाजूने बाबांचं भाषण

मी तिशीला टेकले होते. ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं होती, परदेशातल्या क्लायंटला मी तोंडावर नाही म्हणू शकत होते. पण घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं तर बाबांना विचारावं लागत होतं. फ्लॅट त्यांचा होता आणि नाही म्हणायचा हक्कही त्यांचाच. त्यांच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो, नारायणगुड्यात चौथ्या मजल्यावर घर घेतलं, आणि ते रिटायर झाल्यावरही इथेच राहिलो, कारण आईची शाळेतली नोकरी अजून चालू होती. आईला कुत्र्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, "तुमचं दोघांचं ठरू दे, मग मला सांगा." म्हणजे ती माझ्या बाजूची होती, पण मतदान करणार नव्हती.

बाबांचा नकार मात्र पक्का होता. घरभर केस होतील. पिसवा होतील. गावाला गेलो तर कोण बघणार. शेवटचं कारण ते जरा आवाज उतरवून सांगायचे, "आणि उद्या तुझं लग्न झालं की ते माझ्या गळ्यात." माझं लग्न आणि कुत्रं या दोन्ही विषयांवर आमचं एकाच वेळी भांडण व्हायचं, त्यामुळे कुठल्याच विषयाचा निकाल लागत नसे.

एकदा मी लॅपटॉपवर रीतसर सादरीकरण तयार केलं. कुत्र्यामुळे रक्तदाब उतरतो, चालणं होतं, असं सगळं चित्रांसकट. बाबांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लसीकरणातला सी दीर्घ असतो."

"आणि कुत्र्याचं काय?"

"कुत्र्यातला कु ऱ्हस्व. तो तू बरोबर लिहिलायस."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला आम्ही दोघं कोठीच्या बाजारात गेलो होतो. झेरॉक्सच्या दुकानामागे एक कुत्री व्याली होती. बाकीची पिल्लं लोकांनी नेली होती, एकच उरलं होतं. मातकट रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. ते डुलत डुलत आलं आणि सरळ बाबांच्या चपलेवर बसलं.

"ले जाव साब," दुकानदार मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "इत्ता सा है, कित्ती जगा लेता?"

"नक्को," बाबा म्हणाले. हैदराबादेत इतकी वर्षं काढून त्यांनी उचललेला हा सगळ्यात लाडका शब्द. पण प्रती काढून होईपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही. रिक्षात मी नुसती त्यांच्याकडे पाहत होते, तर स्वतःहूनच म्हणाले, "त्याला उठवायचं तर हात लावावा लागला असता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबांचं कुत्र्याशी वैर नाही. ते माझ्यासमोर हरायला तयार नाहीत, एवढंच आहे. मग त्यांना जिंकायला दुसरं कोणीतरी द्यायला हवं.

असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये तयार होता. असोसिएशनचे सेक्रेटरी. तेलुगू गृहस्थ, अत्यंत टापटिपीचे, नोटीस लावायची हौस असलेले. जिन्यात कुंड्या ठेवू नयेत, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, अशा त्यांच्या प्रत्येक नोटिशीविरुद्ध बाबा लढले होते. आईने त्या उन्हाळ्यात पापड केलेच नव्हते, तरी बाबांनी गच्चीवर पापड वाळवण्याचा हक्क मिळवून आणला होता.

एका सकाळी सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये भेटले. मी अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाले, "अंकल, आमच्याकडे कुत्रा आणायचं चाललंय. आपल्याकडे त्याबद्दल काही नियम आहे का?"

ते दचकले. "नियम तर नाही."

"नाही? हिमायतनगरला माझ्या मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये बंदीच आहे म्हणतात," मी म्हणाले आणि तळमजल्यावर उतरून गेले.

आठवडा संपायच्या आत लिफ्टशेजारी कागद चिकटला. यापुढे कोणत्याही फ्लॅटमध्ये कुत्रा पाळता येणार नाही; रविवारच्या सभेत मंजुरी घेण्यात येईल.

बाबा दूध आणायला खाली गेले होते ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर आले. दुधाची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली नाही, हातातच धरून बोलत राहिले. "हा कोण सांगणारा? फ्लॅट माझा, पैसे माझे, आणि आत कोण राहणार ते हा ठरवणार?"

"पण बाबा, आपल्याला कुठे कुत्रा पाळायचाय?"

"प्रश्न तो नाही."

"तसं त्यांचंही बरोबर आहे," मी लॅपटॉपमध्ये बघत म्हणाले. "घरभर केस होतात."

"केस माणसांचेही होतात. तुझे मी रोज मोरीतून काढतो."

"पिसवा होतात."

"औषध मिळतं. आपण कुठल्या जमान्यात आहोत?"

"गावाला गेलं तर कोण बघणार?"

"शेजारी कशासाठी असतात?"

आई स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती. ते चिरणं मध्येच थांबलं. ती दारात आली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा आत गेली. तिला सगळं कळलं होतं. बाबांना रविवारपर्यंत कळलं नाही. त्या दिवसांत ते जेवताना कुत्रा या प्राण्याविषयी इतकं चांगलं बोलत होते, की मला मान खाली घालून भात कालवत बसावं लागायचं.

सभा खाली सेलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये भरली, गाड्यांच्या मधोमध खुर्च्या टाकून. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांचं तेलुगू भाजीपुरतं, म्हणून ते हिंदी, इंग्रजी आणि रागाच्या भरात मराठी असं बोलले. घर म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, मुक्या जिवाची सोबत म्हणजे काय. शेवटी म्हणाले, की जो माणूस स्वतः कधी मोकळेपणाने हसत नाही त्याला दारात शेपूट हलवणारं कुणी नको असतं यात नवल नाही. लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या खाला, म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या मावशी, उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे एक जाडजूड मांजर होतं. "कुत्ता मेरे को भी नक्को," त्या म्हणाल्या. "लेकिन आज कुत्ते की नोटीस, कल मेरी बिल्ली की. तो नोटीसच नक्को." नोटिशीविरुद्ध हात वर झाले आणि ती रद्द झाली.

बाबा विजयी मुद्रेने बसणार, एवढ्यात सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "सर, मैंने अपने मन से नहीं लगाया. आपकी बेटी ने ही लिफ्ट में पूछा था. आपके घर में कुत्ता आ रहा है बोली. आ रहा है ना?"

सगळं सेलर बाबांकडे बघायला लागलं आणि बाबा माझ्याकडे. मी एका मोटारीच्या नंबरप्लेटकडे बघत होते. बाबांनी घसा साफ केला. आता नाही म्हणावं तर इतकं भाषण कशासाठी केलं ते सांगावं लागलं असतं.

"हां," बाबा म्हणाले. "आ रहा है. अगले संडे."

सभा संपल्यावर आई, बाबा आणि मी तिघं वर आलो. घरात आल्यावर आईने चहा ठेवला आणि विचारलं, "मग आता तो झोपणार कुठे?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुलाही माहीत होतं?" आई म्हणाली, "मला कुणी काही सांगितलं नाही. मी फक्त ऐकत होते."

मला वाटलं आता मोठा तमाशा होणार. पण बाबा कप खाली ठेवून म्हणाले, "मला बनवलंस ते ठीक आहे. मी आहेच तसा सोपा. पण त्या माणसाला कशाला मध्ये घातलंस? चारचौघांत मी त्याला काय काय बोललो."

याचा विचार मी केला नव्हता. माझ्या योजनेत सेक्रेटरी म्हणजे एक नोटीस होती, माणूस नव्हता.

संध्याकाळी बाबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. मी झाला प्रकार सांगितला; सांगताना मला दोनदा हसू आलं आणि दोन्ही वेळा बाबांनी खाकरून ते थांबवलं. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. मग लुंगी जराशी वर करून पोटरी दाखवली. तिथे कातडी आवळून आल्यासारखा जुना व्रण होता. लहानपणी गावात कुत्र्याने धरलं होतं, म्हणाले. पोटात इंजेक्शनं घेतली होती. अजून गल्लीत कुत्रा दिसला की ते दुसऱ्या बाजूने जातात. लिफ्टमध्ये अडकले आणि शेजारी कुत्रा असला तर काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता, तो त्यांना सभेत सांगायला लाज वाटली.

बाबांनी चष्मा लावून, वाकून तो व्रण पाहिला. "आमचा कुत्रा लिफ्टमध्ये येणार नाही," ते म्हणाले. "जिन्याने जाईल. मी नेईन."

"सर, तुमचे गुडघे," सेक्रेटरी म्हणाले.

"गुडघ्यांचं मी बघतो."

पुढच्या रविवारी आम्ही कोठीला गेलो. मला धाकधूक होती की पिल्लू एव्हाना कुणी नेलं असेल. ते होतं. बाबांनी घरून जुना टॉवेल आणला होता, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. रिक्षात त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. त्याने पहिल्याच वळणावर टॉवेल आणि पँट दोन्ही भिजवली. मी तोंड दाबून बाहेर बघितलं. बाबा म्हणाले, "हसू नकोस. लहान आहे ते."

आता सकाळी मी उठते तेव्हा दोघं जिना उतरून, चौकापर्यंत जाऊन परत आलेले असतात. मला फिरवायला देत नाहीत. म्हणतात, तू फोनवर बोलत चालतेस, त्याला आवडत नाही. कधी जिन्यात सेक्रेटरी समोर येतात. ते वरच्या पायरीवरून "आगंडी, आगंडी" म्हणतात, म्हणजे थांबा, थांबा. बाबा पट्टा आखडून कुत्र्याला भिंतीशी बसवतात, आणि मग तसेच मधे चार पायऱ्या ठेवून दोघं पाण्याच्या टँकरवरून वाद घालायला लागतात. तो बराच चालतो. कुत्रं तेवढ्यात झोपून जातं.