मोहगावचे संत्रे, घासलेटच्या डब्यात

रविवार, २० जानेवारी १९५७, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. पांढुर्ण्यात स्टेशनाकडच्या आळीत, एका भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात प्रेमलताबाई कळंबे पाटावर बसून कलमाचा चाकू दगडावर घासत आहेत. वय एकोणचाळीस, मुलींच्या शाळेत तिसरीच्या शिक्षिका. समोर दोन जातींची रोपे आहेत. कुंपणाच्या कडेने जमिनीत लावलेल्या आठ जंभेरी, आणि भिंतीशी ठेवलेल्या घासलेटच्या सहा डब्यांत रंगपूर लिंबू. दोन्ही काटेरी, दोन्हींची फळे आंबट, आणि इथे दोन्हींचे काम एकच, खुंटाचे. खाली मूळ त्यांचे राहते, वर संत्र्याच्या काडीवरचा कोंब, म्हणजे डोळा, बांधतात, आणि पुढे वाढते ते सगळे झाड त्या डोळ्याचे.

डोळे ज्या काड्यांवर आहेत त्या शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. काल संध्याकाळच्या मोटारीने त्या मोहगावहून आल्या. घेऊन आले बाईंचे वडील केशवराव. वय चौऱ्याहत्तर, डोक्याला मफलर, पोते छातीशी धरून तासभर उभ्याने-बसल्याने प्रवास. ते आता ओट्याच्या पायरीवर बसून लेकीच्या हातांकडे बघत आहेत.

मोहगावला त्यांच्या विहिरीजवळ संत्र्याचे एक झाड आहे. फळाची साल सैल, बिया दोन-तीन, आणि बागेतली बाकीची फळे पोचट पडू लागली तरी याचे फळ भरलेले राहते. बाई लहान असताना लावलेले. तीन वर्षांपासून त्याच्या खोडातून डिंक गळतो आहे. गेल्या वर्षी एक बाजू वाळली, यंदा दुसरी पिवळी पडली. या हिवाळ्यात डोळे घेतले नाहीत तर पुढच्या हिवाळ्यात घ्यायला जिवंत काडी राहणार नाही, हे बाप-लेक दोघांनाही ठाऊक आहे.

बाई पोते उघडतात. एक लांब, जाड, हिरवीगार काडी बोटांत फिरवून बाजूला टाकतात.

"काहून टाकली वो?" केशवराव विचारतात.

"पानसोट आहे ही, बाबा. पाहा ना, धारा आहेत हिला. गोल काडी पाहिजे."

"किती जोमदार आहे पण."

"नुसता जोम. वाढते, फळाचं नाव नाही."

"तुह्या भावासारखी," केशवराव म्हणतात. भाऊ नागपूरला असतो आणि दिवाळीला येतो.

निवडून झाल्यावर बांधण्याजोगे नऊ डोळे उरतात.

प्रेमलताबाईंना कलम वडिलांनी शिकवले. लग्नानंतर त्या जिथे जिथे नोकरीला गेल्या तिथे घरामागे झाडे लावली, आणि प्रत्येक ठिकाणी कोणते झाड लावायचे याचा विचार बदलत गेला. रामाकोन्याला त्यांनी पेरू आणि लिंबू लावले. पेरू तिसऱ्या वर्षी धरला, त्याच वर्षी बदली झाली. सौसरला त्यांनी घाई केली नाही, चांगल्या झाडाचे डोळे आणून मोसंबी बांधली. ती फळाला आली तेव्हा बाई पांढुर्ण्यात होत्या. घरमालकाने आठवणीने टोपलीभर मोसंबी पाठवली. बाईंनी ती शेजारी वाटली, स्वतः एकही सोलली नाही. नोकरी करणाऱ्याच्या अंगणात पपईच बरी, वर्षाच्या आत हिशोब मिटतो, असे त्या शाळेत हसून सांगत. तरीही पांढुर्ण्याला आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते जंभेरीचे बी पेरण्याचे.

आता हे घरही सुटणार आहे. त्यांचे पती भगवंतराव सचिवालयात कारकून. ऑक्टोबरपर्यंत सचिवालय नागपूरला होते आणि ते दर शनिवारी गाडीने घरी येत. एक नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे भगवंतरावही गेले. आता महिन्यातून एकदा येतात; या रविवारी ते घरी आहेत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाईंनीही भोपाळला जायचे ठरले आहे. रंगपूर लिंबाची रोपे भगवंतरावांनीच दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका बागेतून आणली होती. काळ्या जमिनीत पाणी साचले तरी ही मुळे जंभेरीपेक्षा बरी टिकतात, असे तिथल्या माणसाने सांगितले होते. खरे की खोटे, या अंगणात अजून कोणी पाहिलेले नाही.

भगवंतराव चहा घेऊन येतात. "मग, कुठं बांधायचं ठरलं?"

"जमिनीत," केशवराव म्हणतात. "डब्यात कधी झाड होते काय? डब्यात तेल राह्यते."

"मामाजी, डबे गाडीत चढवता येतात."

"तुमची राजधानी उचलून नेली, जावईबापू. आता माह्यं झाड बी नेता?"

"राजधानीपेक्षा हलकं आहे ते," भगवंतराव म्हणतात आणि कप खाली ठेवतात.

प्रश्न एवढाच आहे, पण सोपा नाही. जंभेरीवर बाईंचा हात बसलेला आहे. दहा डोळे बांधले तर आठ-नऊ लागतात. पण त्या जंभेरी जमिनीत आहेत आणि जमीन घरमालकाची. डब्यातले खुंट सोबत नेता येतील, पण रंगपुरावर त्यांनी आजवर एकही डोळा बांधलेला नाही. डोळे नऊच.

"बाबा, जंभेरीला काळ्या जमिनीत डिंक्या लागतो," बाई म्हणतात. "आपलं झाड जंभेरीवरच होतं ना?"

तरी बाई उठून पहिल्या जंभेरीपाशी बसतात. हाताला सवय असलेल्या खुंटावर सुरुवात करून बघावी, एवढाच विचार. बुंध्याला चार बोटे लावून त्या चाकू टेकवतात.

"तिथं नाही."

केशवराव पायरीवरून उठून आले आहेत. खाली वाकून ते अंगठा मातीला लावतात, करंगळी खोडावर वर ताणतात. "इथं. वीतभर वर."

"चार बोटं तुम्हीच शिकवलं."

"शिकवलं. आता वीतभर सांगून राहिलो."

बाई चाकू खाली घेतात.

मोहगावच्या झाडाला पार आहे. सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये गावाला झेंडा लावायला चांगली जागा हवी होती. केशवरावांनी आपल्या विहिरीजवळचे झाड दाखवले आणि वडा-पिंपळाला बांधतात तसा त्याच्याभोवती दगडांचा गुडघाभर उंच पार बांधला. आत शेतातली काळी माती स्वतः भरली. पाराच्या कडेला खांब रोवला. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा चढे, आणि एरवी लोक पारावर बसून संत्री खात. झाडाला मान मिळाला होता. खुंट आणि डोळा जिथे जुळतात तो जोड पाराच्या मातीखाली गेला, त्याला पाणी आणि ओल लागत राहिली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. डिंक दिसू लागला तेव्हा बाई एकदाच बोलल्या होत्या. केशवराव रागावून जेवणावरून उठले होते. नंतर कोणी विषय काढला नाही.

"पार फोडला," केशवराव आता खुंटाकडे बघत म्हणतात. "गुरुवारी. शेतावरचा गुणवंता होता संगं. माती काढली त खालची साल हातात आली, भिजल्या पोत्यावानी. जोड पुरा गाडलेला. जंभेरीले बोल लावू नको."

बाई विचारतात, "सव्वीस तारीख आली ना. झेंडा?"

"शाळेत लावतीन. झेंड्याले संत्रं लागत नाही." ते कमरेवर हात ठेवून सरळ होतात. "म्हणून सांगतो, खुंट वाईट नाही. जमिनीत बांध. वर बांध, पण जमिनीत बांध. मी येईन पाहायले."

बोलणे रास्त आहे. रंगपूर निवडण्याचे जे कारण बाई देत होत्या ते वडिलांनी खोडून काढले आहे, स्वतःचा दोष कबूल करून. बाई पोत्यातली एक काडी उचलतात, तिच्यावरचे पान देठ ठेवून कापतात.

"तुमचं खरं आहे," त्या म्हणतात. "पण तीन घरं झाली, बाबा. रामाकोन्याचा पेरू गेला, सौसरची मोसंबी गेली. हे झाड तरी मले सोडून जायचं नाही. लागो नाही तर न लागो."

केशवराव डब्यांपाशी जातात. रंगपुराचे एक पान चुरगाळून वास घेतात. "लिंबूच आहे," ते कोणाला तरी सांगावे तसे म्हणतात. मग पोते उचलून डब्यांशेजारी आणून ठेवतात. "एक डबा माहा. आत्ताच सांगून ठेवतो."

"कुठं लावता?"

"विहिरीवर नाही. वरच्या मुरमाड तुकड्यात."

भगवंतराव म्हणतात, "म्हणजे पाच भोपाळला."

"आधी लागू तर द्या हो," बाई म्हणतात.

पुढचा तासभर कलमाचे काम चालते. खुंटाच्या सालीवर एक आडवी, एक उभी चीर. काडीवरून डोळ्याची ढालीसारखी चकती काढायची, चिरेत खाली सरकवायची, आणि डोळा उघडा ठेवून केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटाने वरून-खालून घट्ट गुंडाळायचे. रंगपुराची साल जंभेरीपेक्षा चिवट निघते. पहिल्या डब्यात चीर वेडीवाकडी जाते, बाईंना ती दोन बोटे वर पुन्हा पाडावी लागते. प्रत्येक डब्याला केशवराव आधी आपली वीत लावतात. सहा डोळे डब्यांत जातात. उरलेले तीन जंभेरींवर, तेही वीतभर उंच. घरमालकाला त्यांचे सांगून ठेवायचे आहे.

डोळे लागले की नाही हे तीन आठवड्यांनी कळेल. ठेवलेले देठ बोट लागताच गळून पडले तर डोळा जिवंत, वाळून तिथेच चिकटून राहिले तर गेला. तोवर आंघोळीचे पाणी या बाजूला सोडायचे नाही, असे घरात बजावून झाले आहे.

केशवराव दुपारच्या मोटारीने मोहगावला परत जातील, भगवंतराव रात्रीच्या गाडीने भोपाळला. उद्या सोमवार, शाळा साडेदहाला भरते. त्याआधी प्रेमलताबाई सहाही डब्यांना एकेक तांब्या पाणी घालतील, डब्याच्या कडेकडेने, खोडाला लागू न देता.