कनेक्टरमधलं कुंकू

कनेक्टरच्या अंगावर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं, ते मी मोठ्यानं वाचते. हसा खुशाल. आयटीआय करून नेरहून घाटंजीला आले, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, तेव्हा तर मला या गोष्टीचं वेडच लागलं होतं. जिनात कापूस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या मोटरीला मी नवा कनेक्टर बसवला होता. मुठीएवढा, धातूच्या कवचाचा, खटका लावून बंद होणारा. त्यावर लिहिलं होतं: १६ अँपिअर, ५०० व्होल्ट, ६ किलोव्होल्ट, ३. मी ते दिवसभर गुणगुणायची.

"काय पुटपुटून राह्यली, बेटा?" आमचे म्हातारे मिस्त्री विचारायचे. सगळं जिन त्यांना चाचा म्हणायचं.

मग काय, मी सुरूच व्हायची. सोळा अँपिअर करंट हा फार न तापता वाहून नेतो. पाचशे व्होल्टवर तो रोज नांदू शकतो. कुठं वीज पडून क्षणभर दणका आलाच, तर सहा किलोव्होल्टपर्यंत झेलतो. आणि शेवटचा तीन म्हणजे आजूबाजूच्या घाणीची पायरी. एक म्हणजे बंद स्वच्छ डबी, दोन म्हणजे ऑफिस, तीन म्हणजे आपण.

चाचांनी भुवईवरचा कापूस झटकला. "तीनच? कमी सांगून राह्यली तू."

दोन पिनांमधलं अंतरसुद्धा दोन तऱ्हांनी मोजतात, हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते. एक हवेतून, माशी उडत जाईल तसं. दुसरं प्लास्टिकच्या अंगावरून, मुंगी चालत जाईल तसं. मुंगीची वाट लांब हवी आणि कोरडी, स्वच्छ हवी. वाटेवर ओल आणि घाण साचली की त्याच वाटेनं करंट निघतो. हमालांना सांगितलं, वजनकाट्यावाल्याला सांगितलं, चहावालीलाही सोडलं नाही.

चाचांचा सगळा अभ्यास मात्र एका नियमात मावायचा: कुणाचाही हात लागला की पुन्हा मेगर. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. चाचांचं जुनं होतं, दांडा गरगर फिरवायचं. काटा आडव्या आठावर, म्हणजे अनंताच्या खुणेवर गेला की निश्चिंत. शून्याकडे झुकला की खबरदार.

दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त होता. माझी नोकरीही त्या दिवसावरच अडकली होती. शेठ माझ्यादेखत चाचांना म्हणाले होते, "पट्टा तिच्या हातानं बरोबर सुरू होऊ द्या, मंग पाहू ठेवाचं का नाही ते." घरी मी नोकरी पक्की झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं.

सकाळी मी मेगर लावलं. आडवा आठ! मी अक्षरशः उडी मारली. मग गुरुजी आले, पूजा झाली, ताट फिरलं. जो तो आपापल्या यंत्राला ओलं कुंकू लावत होता. मीही लावलं. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती, नारळ फुटला होता, शेठ घड्याळ बघत होते.

"चाचा, सुरू करू का?" शेठनी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. हात लागला की पुन्हा मेगर. मी दांडा फिरवला.

काटा शून्याशी जाऊन बसला.

होय म्हटलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही."

"काहून?" शेठ ओरडले. "मुहूर्त चालला ना वं!"

मी कनेक्टरचा खटका काढला, दोन्ही तोंडं वेगळी केली. आत पिनांच्या मधोमध, मुंगीच्या नेमक्या वाटेवर, लालभडक ओलं स्वस्तिक.

"कोनं लावलं हे आतमधी?" शेठ गुरुजींकडे वळले. "महाराज, तुम्हाले काही समजते का?"

गुरुजी बिचारे ताट धरून थिजले. मी माझं बोट वर केलं. ते अजून लाल होतं.

"मीच लावलं," मी म्हटलं. "बाहेरून नुसतं कवच आहे. खरा जीव आत असते म्हणून उघडून लावलं."

मग चाचा जे हसायला लागले! खांबाला धरून, डोळे पुसत. "मुंगीले रस्ता बांधून देल्ला हिनं! वरून लाल रंगाचा!" हमाल हसले, चहावाली हसली, गुरुजीही हसले. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

मग एकच धावपळ उडाली. पुसायला जो तो मूठभर कापूस घेऊन धावला आणि मी ओरडले, "कापूस नको! तंतू राह्यतात!" मागच्या बंगल्यातून शेठच्या बाईंनी जुना टूथब्रश पाठवला आणि केस वाळवायचं मशीनही. स्पिरिटनं घासलं, वास उडेपर्यंत थांबलो, मग गरम हवा मारली. मुहूर्त केव्हाच टळला होता. गाडीवाले फाटकावर उभे राहून फुकट तमाशा बघत होते.

पुन्हा कनेक्टर जोडला, मेगर लावलं. आडवा आठ.

"आता तरी सुरू करू का?" शेठनी सवयीनं चाचांनाच विचारलं.

चाचा केस वाळवायच्या मशीननं स्वतःची दाढी फुलवत बसले होते. "मले काहून इचारता? मेगर तिच्या हाती आहे."

शेठ माझ्याकडे वळले. वाट बघत उभे राहिले.

"करा," मी म्हटलं.

पट्टा सुरू झाला. पहिला कापूस वर चढताना पाहून मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच, वेड्यासारख्या.

अजून मी तिथंच आहे. दसऱ्याला शेठ कुंकवाचं ताट घेऊन आधी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, कुठीसा लावू?"