आप्पांनी नवा एसी घेतला

शटर वर गेलं, उदबत्ती फिरवून झाली की आप्पा कपडा मोजायचा लोखंडी गज उचलायचे आणि खिडकीतल्या जुन्या एसीला खाली डाव्या कोपऱ्यात दोनदा ठोकायचे. "ऊठ रे भो, पाव्हना उनात." मग तो एसी खाकरायचा, सगळ्या अंगाने थरथरायचा आणि सुरू व्हायचा. पाहुणे आले म्हणे, पण दुकानात त्या वेळी पाहुणा एकही नसायचा. मी असायचे, पण मी कोपऱ्यात बसून साड्यांना फॉल-पिको करणारी. मला पाहुण्यांत कोण धरतो?

शहाद्याच्या बाजारातलं ते कापडाचं दुकान. लग्नसराईत धडगावच्या बाजूने, सातपुड्यातून, अख्खी कुटुंबं जीपने बस्ता बांधायला खाली उतरायची. उन्हाने भाजलेली ती माणसं दाराशी अवघडून उभी राहायची. आप्पा साडीला हातही लावायचे नाहीत. "बठा. पहिले थंड व्हा. कपडा कोठे पयी ऱ्हायना?" असं म्हणत लेकुरवाळ्या बायकांना एसीसमोरची गादी द्यायचे. कित्येक जण थंड होऊन, पाणी पिऊन सरळ दुसऱ्या दुकानात जायचे. माझा जीव जळायचा.

"आप्पा, धर्मशाळा शे का ही?"

"ऱ्हाऊ दे वं बाई. ऊन काय गिऱ्हाईक देखीसन पडस?"

तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल. धंद्याला कच्चा, आणि तरी दुकान कधी रिकामं नाही.

दर उन्हाळ्यात लोणखेड्याचा मेकॅनिक यायचा, एसीत गॅस भरायचा आणि जाताना म्हणायचा, "आप्पा, भंगारमा द्या आते याले." आप्पा दुखावायचे. "मन्हा हातले उठस ना तो? मंग?" आणि खरंच, तो त्यांच्याच हाताने उठायचा. मी ठोकून पाहिलं, शेजारच्या भांडीवाल्याने ठोकून पाहिलं. ढिम्म. किती जोर लावायचा, दोन ठोक्यांमध्ये किती थांबायचं, ते सगळं आप्पांच्या मनगटात होतं. दुकान माझ्यावर सोपवून ते सुरतेला माल आणायला गेले की मी दिवसभर साडीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर या सुरतेच्या खेपा फारच वाढल्या. जाताना पहाटेच निघायचे, येताना हातात एखादंच गठुडं. "माल पसंत पडना नही," म्हणायचे आणि गादीवर आडवे व्हायचे. त्याच सुमाराला त्यांनी जिजीला दुकानात आणायला सुरुवात केली. जिजी म्हणजे त्यांची बायको. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने दुकानाची पायरी चढली नव्हती. "घरमा एकली कंटायस ती," असं त्यांनी मला सांगितलं, आणि तिच्या हातात गज दिला.

"कपडा ताणू नको. ताणीसन मोजं का गिऱ्हाईकले कमी पडस."

जिजी कुरकुरायची. घरी वरण लावायचं सोडून हे काय भलतंच, अशी तिची तक्रार. आप्पा हसायचे आणि पुन्हा मोजायला लावायचे.

ऐन लग्नसराईत जुना एसी बंद पडला. आप्पांनी ठोकलं, पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकायला गेले आणि गज बाजूला ठेवून गादीवर खाली बसले. मेकॅनिक आला, उघडून पाहिलं. कॉम्प्रेसर बदलला तर दोन-तीन उन्हाळे निघतील, नाहीतर नवा घ्या, म्हणाला. आप्पा काय सांगणार हे आम्हाला ठाऊकच होतं. चपलेचा अंगठा चार वेळा शिवून घेणारा माणूस! भांडीवाला तर चहाची पैज लावून बसला.

आप्पांनी विचारलं, "दुरुस्त करीसन बी ठोकनं पडी का?"

"ते तं पडीच, आप्पा. त्याले तुम्हनी सवय शे."

"आनि नवाले?"

"रिमोट ऱ्हास. बटन दाबं का सुरू."

"कोन्हाबी हातले?"

"कोन्हाबी."

आप्पांनी जिजीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पातळाची घडी घालत होती. "नवा लाव," ते म्हणाले. भांडीवाला पैज हरला. मी मात्र खूश, माझ्या कोपऱ्यापर्यंत आता गारवा येणार होता.

नवा एसी भिंतीवर चढला, जुन्याची खिडकी विटांनी बुजवली. आप्पांनी रिमोट जिजीच्या हातात दिला.

"दाब."

"तुम्ही शेतस ना! माले कसाले शिकाडतस?"

आप्पांनी समोरची साडी उलगडली, घडी घातली, पुन्हा उलगडली. "दाब ना वं," एवढंच म्हणाले.

पोळ्याच्या सुमाराला ते अंथरुणाला खिळले, तेव्हा आम्हाला कळलं. सुरतेला ते दवाखान्यात जात होते. गठुडं फक्त जिजीला दाखवायला आणत होते. डॉक्टरांनी जे सांगायचं ते एसी बिघडण्याच्या आधीच सांगून टाकलं होतं. दिवाळीचा माल दुकानात आला, तेव्हा आप्पा नव्हते. मला त्यांचा राग आला, अजून येतो. माणसाने इतकं सगळं एकट्याने आवरून जाऊ नये.

जिजीने दुकान चालू ठेवलं. ती कपडा ताणत नाही. थंडीचे दिवस तसे निघून गेले. यंदा होळीनंतर ऊन तापलं आणि एका दुपारी धडगावकडची जीप दारात थांबली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई घामाने निथळत आत आली.

"बठा. पहिले थंड व्हा," जिजी म्हणाली. तिने गज उचलला आणि आप्पा जायचे तशी भिंतीजवळ गेली, जिथे जुनी खिडकी बुजवून गिलावा केलाय तिथे. गज वर केला. मग काय आठवलं कोण जाणे, तो हळूच खाली ठेवला आणि गादीवरचा रिमोट घेऊन बटण दाबलं. एसी आवाजही न करता सुरू झाला.

जिजी माझ्या मशीनजवळ आली. "सगयं सोपं करी गयात वं," ती म्हणाली. "एक तरी काम अवघड ठेवं असतं, तं हाक मारती मी त्यासले."

ते लेकरू गादीवर कधीच झोपी गेलं होतं. दुकान लगेच थंड झालं.