तीन पाट्यांवर बायको, चौथीवर माझी अक्कल

शिक्षणाचं म्हणाल तर मी नववीला दोनदा बसलो. तिसऱ्यांदा हेडमास्तरच म्हणाले, बाळा, आता दुसऱ्या पोरांना बाक दे. पण फुटबॉलमधलं मला कळतं. म्हणजे या मार्च महिन्यापर्यंत मला तसं वाटत होतं, आणि वाईट हे की दुसऱ्यांनाही वाटत होतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. आपल्या तालमीचा संघ जिंकला की दुसऱ्या दिवशी मुद्दाम शेजारच्या पेठेत दूध आणायला जायचं, आणि हरला की आपल्याच पेठेत मान खाली घालून फिरायचं. मी स्वतः संघात कधी नव्हतो. एकदा घेतलं होतं, ते गोलपोस्टची जाळी बांधायला. पण मॅचला हलगी माझ्याकडं असायची, आणि कोण खेळाडू कसा हे मी हलगी वाजवता वाजवता सगळ्यांना ओरडून सांगायचो. लोक ऐकायचे. हलगी शेजारी असल्यावर दुसरं काय करणार?

बायको आमच्याच गल्लीतली. आम्ही पोरं रस्त्यावर खेळायचो आणि बॉल हमखास त्यांच्या गच्चीवर जायचा. ती वरून लाथ मारायची आणि बॉल बरोबर ज्यानं मागितला त्याच्या पायात यायचा. आम्ही म्हणायचो, वाऱ्यानं आला. खाली खेळायला ये असं तिला कुणी म्हटलं नाही. मग ती इंजिनियर झाली आणि मी पंक्चरचं दुकान टाकलं. तिनं माझ्याशी लग्न का केलं हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची भीती वाटते. ती पण विचार करायला लागली तर?

चार वर्षांमागं कंपनीनं तिला इकडं जपानला पाठवलं, आणि सामानाबरोबर मी आलो. ती तोयोसु नावाच्या भागात एका उंच इमारतीत सॉफ्टवेअर करते. मी एका जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात अरुबाइतो करतो, म्हणजे पार्ट-टाइम. पट्ट्यावरून भाताचे डबे सरकत येतात, प्रत्येक भाताच्या मधोमध एक खारवलेलं लाल फळ ठेवायचं. बास. भाताला कुंकू लावायचं काम आहे म्हणा. आईला फोनवर सांगितलं, प्रॉडक्शनला आहे. तिनं गल्लीत सांगितलं, पोरगा मोटारी बनवतो.

इकडं आपल्या लोकांची एक फुटबॉल लीग आहे. चार संघ: तोयोसु, योकोहामा, कावासाकी आणि निशी-कासाई. बाई, पुरुष, कुणीही खेळावं. रविवारी नदीकाठच्या मैदानात मॅच. मी तोयोसुचा फॅन. एकुलता एक. पहिल्या मॅचला मी कोल्हापूरहून आणलेली हलगी काढली आणि दिली ठोकून. मैदान सांभाळणारे एक म्हातारबा आहेत, ते लांबून चालत आले, कमरेत वाकले, म्हणाले, माफ करा. परत वाकले, परत म्हणाले, माफ करा. आजूबाजूला लोक राहतात, आवाजाचा त्रास होतो, एवढंच सांगायला त्या माणसानं इतकी माफी मागितली की मलाच वाटलं ह्यांच्याकडनं काहीतरी मोठा गुन्हा झालाय. तेव्हापासून हलगी कपाटावर आहे आणि मी स्टीलच्या डब्यावर बोटं वाजवतो.

तर ड्राफ्ट. दरवर्षी मार्चमध्ये कॅप्टन सोडून सगळे खेळाडू परत एकत्र करायचे आणि संघांनी एकेक फेरी करून वाटून घ्यायचे. पद्धत इथल्या बेसबॉलवाल्यांची उचललेली आहे. पहिल्या फेरीत चारही कॅप्टननी पाटीवर एकेक नाव लिहायचं आणि एकदम पाटी फिरवायची. दोघांनी एकच नाव लिहिलं तर चिठ्ठ्या. आमचा कॅप्टन पुण्याचा. पुण्याच्या माणसाला कोल्हापूरबद्दल मटण आणि फुटबॉल या दोनच विषयांत आदर असतो, तेवढ्यावर मी त्याचा सल्लागार झालो होतो. आमचा संघ सलग शेवटचा का येतो, हे आता तुम्हाला कळलं असेल.

गेल्या वर्षीच्या ड्राफ्टला बायकोनं पण नाव दिलं होतं. शेवटच्या फेरीपर्यंत तिला कुणी घेतलं नाही. शेवटी आमच्या कॅप्टननं घेतलं आणि मोठ्यांदा म्हणाला, "वहिनी आल्या म्हणजे डबा आला!" सगळे हसले. सगळ्यात जोरात मी. वर्षभर ती बाजूला उभी राहून संत्र्याच्या फोडी वाटत होती. त्या ड्राफ्टनंतरच ती रोज सकाळी कालव्यापलीकडच्या शाळेच्या जिममध्ये जपानी बायकांबरोबर फुटबॉल खेळायला जायला लागली. मला वाटलं, वजन कमी करतेय. मी म्हटलं पण, बरं झालं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

यंदा ड्राफ्टच्या आदल्या रविवारी निवड चाचणी होती. सगळे खेळतायत, कॅप्टन लोक बघतायत, मी कॅप्टनच्या शेजारी हाताची घडी घालून. इतकी शांतता की बॉल मातीवर घसरलेला ऐकू येतोय. आणि तेवढ्यात एक नवा गडी दिसला. नागोयाहून नुकताच बदली होऊन आलेला, पोपटी बूट, केसाला पट्टा. बॉल कुणाकडं पण असो, हा ओरडतोय, "इकडं! इकडं दे! अरे बघ की!" मग एका थ्रो-इनवरून तो रेफ्रीशी भांडला. हात वर करून, छाती पुढं काढून, अगदी व्यवस्थित भांडला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. चार वर्षांनी कुणीतरी रेफ्रीशी भांडत होतं. मला आमची गॅलरी दिसली, तालीम दिसली.

मी म्हटलं, "कॅप्टन, हाच. डोळे झाकून हाच."

"दादा, पण त्याने अजून बॉलला पाय लावला नाहीये."

"अरे, जिगर बघ की! जो रेफ्रीला सोडत नाही तो गोलकीपरला सोडंल का?"

कॅप्टन जरा विचारात पडला. म्हणाला, "आणि वहिनी? आज वहिनी बऱ्या वाटल्या मला."

"ती व्हय? ती शेवटच्या फेरीत आहेच की. कोण घेतंय तिला?"

मागं काहीतरी थांबल्यासारखं झालं. इथं खेळून झालं की मैदानातली माती आपणच आडव्या फळीच्या लाकडी दांड्यानं सारखी करून द्यायची असते. तो दांडा धरून बायको माझ्या बरोबर मागं उभी होती. माझ्या बुटांवरनं दांडा फिरवला आणि पुढं गेली.

घरी जाताना ट्रेनमध्ये ती दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, "एक ऐक. मला कुणीतरी माझा खेळ बघून घ्यावं, एवढंच पाहिजे. डबा म्हणून नको, तुझी बायको म्हणून नको. या वेळी पण डबा म्हणूनच घेतलं, तर मी बूट कचऱ्यात टाकतो आणि विषय संपवतो." आमच्याकडं बायका पण येतो-जातोच म्हणतात, आणि तशी म्हणाली की समजायचं, बोलणं घरातलं आहे आणि खरं आहे.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय बोलावं ते मला माहीत नाही. मी बोललो, "बूट कुठल्या कचऱ्यात जातात गं? जळणाऱ्या का न जळणाऱ्या?"

मला खरंच माहीत नव्हतं. फ्रीजवर वॉर्डानं दिलेला तक्ता आहे, त्यात बाटली, पुठ्ठा, बॅटरी सगळ्यांचे वार आहेत, मी आजवर एकदाही बरोबर कचरा टाकलेला नाही. पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं स्टेशन येईपर्यंत दाराच्या काचेतनं बाहेर बघत उभा राहिलो.

घरी गेल्यावर मला वाटलं कॅप्टनला फोन करावा. मग वाटलं, आपल्याच बायकोचं नाव सांगितलं तर लोक वशिला म्हणतील. मी वशिला लावत नाही, तत्त्वाचा माणूस आहे, असं स्वतःला सांगून मी झोपलो. खरं म्हणजे चाचणीत ती कशी खेळली हे मी बघितलंच नव्हतं. मी पोपटी बूट बघत होतो.

ड्राफ्ट एका इमारतीच्या मीटिंगच्या खोलीत होता. दारात चपला काढून, मोज्यांवर, लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखे सगळे भिंतीला टेकून. बायको समोरच्या भिंतीला होती. बुटांची पिशवी तिनं मांडीवर धरली होती. मी तिच्याकडं बघून हसलो. ती पाट्यांकडं बघत होती.

चार कॅप्टननी लिहिलं. एक, दोन, तीन म्हणून पाट्या फिरवल्या.

आमच्या तोयोसुच्या पाटीवर नागोयावाल्याचं नाव. योकोहामाच्या पाटीवर बायकोचं. कावासाकीच्या पाटीवर बायकोचं. निशी-कासाईच्या पाटीवर, डोळे चोळून बघितलं मी, बायकोचं.

तीन पाट्यांवर माझी बायको. चौथ्या पाटीवर माझी अक्कल.

खोलीत एकदम हसू फुटलं. आमच्या कॅप्टननं हळूच माझ्याकडं मान वळवली. मला वाटलं खाली चटईत एखादं भोक असेल तर बघावं.

टिश्यूच्या रिकाम्या खोक्यात तीन चिठ्ठ्या टाकल्या. योकोहामाच्या कॅप्टनला लागली आणि त्यानं मूठ वर केली, जशी ते टीव्हीवर बेसबॉलवाले करतात. कावासाकीवाला तर "अरेरे" म्हणून खालीच बसला. माझ्या बायकोसाठी माणसं अरेरे म्हणत होती, आणि मी घरात चार वर्षं फुकट राहत होतो.

आमचा कॅप्टन न राहवून म्हणाला, "पण त्या तर चाचणीत एकदा पण ओरडल्या नाहीत."

योकोहामावाला म्हणाला, "ओरडायची गरजच पडली नाही. बॉल जिथे जाणार, तिथे त्या आधीच उभ्या. तुम्ही बघितलं नाही का?"

बघितलं नव्हतं तो मी, हे सांगायला मी हात वर करणार होतो, पण बायकोकडं लक्ष गेलं. तिनं पिशवी उघडून बूट बाहेर काढले होते, आणि उगीचच त्यांच्या नाड्या सोडून परत बांधत होती. खाली मान घालून. हसताना तिला कुणी बघू नये म्हणून ती लहानपणी गच्चीवर पण अशीच खाली बसायची.

पुढच्या फेऱ्या झाल्या. शेवटी आमच्या संघाला एक माणूस कमी पडला आणि खोलीत नाव न दिलेला मी एकटाच उरलो. कॅप्टननं पाटीवर लिहिलं आणि मोठ्यांदा वाचलं, "दादा! दादा आले म्हणजे डबा आला!"

सगळे हसले. सगळ्यात जोरात बायको.

हंगामाची पहिलीच मॅच तोयोसु विरुद्ध योकोहामा. मी पहाटे उठून थालीपिठं लावली, ठेचा केला, डबा भरला आणि बाकावर बसलो. आमचा नागोयावाला जोरात होता. सुरुवातीलाच त्याला एक थ्रो-इन मिळाला नाही आणि तो भांडायला गेला. रेफ्री इथल्याच शाळेचे निवृत्त मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि अदबीनं कार्ड काढून त्याला बाहेर बसवलं. माझ्या शेजारी. तिथं पण तो भांडतच होता, आता थालीपिठावर दही नाही म्हणून.

आमच्या लीगमध्ये कार्डवाल्याच्या जागी दुसरा उतरवता येतो. कॅप्टननं बाकाकडं बघितलं. बाकावर तो, मी आणि डबा.

"दादा, उतरा."

"अरे, माझा गुडघा…"

"दादा, जिगर बघू द्या की तुमची!"

उतरलो. मला मागं उभं केलं, तिथं कमी नुकसान होईल म्हणून. थोडा वेळ काही झालं नाही, मला वाटलं आपल्याला जमतंय. मग समोरून बायको बॉल घेऊन आली. धावत पण नव्हती, दळण आणायला निघाल्यासारखी येत होती. मी दोन्ही हात पसरले, जसं कोंबडी अडवतात. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी डावीकडं गेलो. ती उजवीकडनं गेली. मी उजवीकडं वळायला गेलो आणि गुडघा म्हणाला, तू हो पुढं. मी बसलो. बसल्या बसल्या मान वळवून बघितलं तर बॉल हळू घरंगळत कोपऱ्यातनं जाळीत चालला होता. वारा अजिबात नव्हता.

मी ओरडलो. चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "आली रे आमच्या गल्लीची!" म्हणून, दोन्ही हात वर करून, मातीत बसून.

"दादा!" कॅप्टन म्हणाला. "गोल आपल्यावर झालाय!"

"म्हायती हाय रे!"

नदीच्या बाजूनं म्हातारबा चालत यायला निघाले होते. लांबूनच वाकायला सुरुवात केली होती त्यांनी.

आम्ही हरलो. किती गोलांनी ते मी विचारलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, तिच्या मांडीवर बूट, माझ्या मांडीवर रिकामा डबा. ट्रेनमध्ये इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. कोल्हापुरात असतो तर तिला मी खांद्यावर घेऊन पेठेतनं फिरवली असती, म्हणजे गुडघ्यानं परवानगी दिली असती तर. इथं मी फक्त डब्यावर दोन बोटांनी हळूच हलगीचा ठेका धरला. समोरच्या आजीबाईंनी एक डोळा उघडून बघितलं, मी थांबलो.

बायको कानाशी येऊन म्हणाली, "काय रे, पुढच्या वर्षी सांगशील कॅप्टनला माझं नाव?"

"सांगतो की," मी म्हटलं. "पण तो आता माझं ऐकतोय कुठं!"